आठ तासांचा धाक

मित्रांनो, मी एक जुना फवारा आहे. पिकांवर औषध मारणारा नव्हे, तर माणसांच्या अंगावर उन्हाचा तांबूस रंग चढवणारा. खरं सांगतो, मी भित्रा आहे. ऐन समारंभात आपल्यामुळे कुणाचं हसं होईल, या धास्तीत माझी बारा वर्षं गेली.

आयर्लंडच्या पश्चिमेला एका लहान गावात नोरीनचं पार्लर आहे. कारखान्यातून निघालो तो तिथल्या मागच्या खोलीत आलो. त्या गावात ऊन पाहुण्यासारखं डोकावून जातं, पण लग्नात पाय तांबूस दिसायला हवेत, असा प्रत्येकीचा हट्ट. यंत्राची हवा नळीतून आली की माझ्या डब्यातला द्रव बारीक तुषार होऊन अंगावर बसतो. त्यात साखरेच्या जातीचा एक पदार्थ असतो. कातडीचा सगळ्यात वरचा, मेलेला थर तो हळूहळू तांबूस करतो. भट्टीत पाव तांबूस होतो ना, काहीसं तसंच, पण आगीवाचून. मात्र त्याला आठ तास लागतात आणि तोवर अंगाला पाण्याचा थेंबही लागता कामा नये.

एका शुक्रवारी दुपारी ब्रोना आली. दुसऱ्या दिवशी तिचं लग्न होतं. सोबत तिची आई, अ‍ॅट्रॅक्टा. तरुणपणी रंगासाठी ती उन्हासारखे किरण सोडणाऱ्या दिव्यांच्या पेटीत तासन्‌तास झोपायची. पुढे तिच्या खांद्यावरचा कर्करोग डॉक्टरांना कापून काढावा लागला. त्या पेटीत कधीही झोपणार नाही, असं ब्रोनानं आईला वचन दिलं होतं. म्हणजे तिची सगळी मदार माझ्यावरच. नाक झाकून, डोळे मिटून ती उभी राहिली आणि मी तिला छान रंगवलं. ती गेल्यावर नोरीन चहा प्यायला बसली. मला धुवायचं ती विसरली.

तीनच्या सुमारास दार धाडकन उघडलं. मायलेकी परत आल्या होत्या. ब्रोनाच्या हातापायांवर पांढरे ठिपके पडले होते.

"अगं, घरात बस म्हणून बजावलं होतं ना!" नोरीन ओरडली.

"बाल येशूची मूर्ती बागेत ठेवायला गेले गं. आदल्या दिवशी ठेवली की लग्नात पाऊस पडत नाही ना!"

"आणि ठेवतानाच पडला! छत्री नाही नेलीस?"

"छत्री घेऊन गेले असते तर त्याला काय वाटलं असतं? माझा विश्वास नाही म्हणून?" ब्रोनाला हुंदका आला.

"रडू नकोस बाई," अ‍ॅट्रॅक्टा म्हणाली, "तेही पाणीच आहे!"

नोरीननं ठिपके हळूच टिपून कोरडे केले आणि मला उचललं. माझी तर पाचावर धारण बसली. मघाचा द्रव माझ्या तोंडाशी वाळून घट्ट झाला होता. असाच सुरू झालो तर नवरीच्या अंगावर चिखल उडाल्यासारखे डाग! ओरडावं तर मला वाचा नाही. नशीब, नोरीननं आधी कागदावर फवारून पाहिलं. थप्पकन तपकिरी गोळा पडला.

"अरे देवा! हा तिच्या अंगावर गेला असता!"

तिनं माझ्या तोंडातली सुई काढली आणि कोमट पाण्यात मला स्वच्छ धुतलं. मग मी जीव मुठीत धरून ते ठिपके अलगद भरले. रंग सारखा चढेल की नाही, हे मात्र मलाही माहीत नव्हतं. पुढचे चार दिवस खुंटीवर लटकून मी झुरत राहिलो.

मंगळवारी अ‍ॅट्रॅक्टा लग्नाचा केक घेऊन आली.

"डाग दिसले का गं?" नोरीननं घाबरत विचारलं.

"एकही नाही. पाऊस मात्र दिवसभर धो धो!"

दोघी पोट धरून हसल्या. मग नोरीन ओशाळून म्हणाली, "पण कातडी झडेल तसा आठवड्याभरात उतरेल हो तो रंग."

अ‍ॅट्रॅक्टाचा हात आपसूक खांद्यावरच्या खड्ड्याकडे गेला. "उतरू दे. मी त्या पेटीतून जे घेतलं ना, ते उतरलं नाही."

तेव्हापासून नोरीन चहाआधी मला धुते. मित्रांनो, कामाची मुकी वस्तू वापरली की लगेच धुऊन ठेवा, कारण आम्हाला हाक मारता येत नाही. आणि माझ्या रंगाच्या भरवशावर उन्हात लोळू नका. तो नुसता रंग आहे, ऊन त्याच्या आतून तुमच्यापर्यंत पोचतं. त्या खांद्याची मला अजून भीती वाटते.