विंगेतून ग्रीक

माझा धंदा दुसऱ्याच्या तोंडात शब्द घालण्याचा. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत सत्तावीस वर्षं मी प्रॉम्प्टर आहे. धान निघालं की आमचा हंगाम सुरू होतो, आज आमचं सावली गाव तर उद्या धानोरा. रोज वेगळं नाटक, तालमीला वेळ कुणाला? मी विंगेत वही घेऊन बसतो आणि नट अडला की पुढचं वाक्य त्याच्यापर्यंत पोहोचवतो. टाळ्या नटाला मिळतात. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणजे आहे, पण ते राहू द्या.

माझी मुलगी नंदिनी मुंबईला बीए करायला गेली आणि तिथं तिनं लॅटिन घेतलं. वर्गात चार पोरं. पुढच्या वर्षी ग्रीकही घेतलं. "हे शिकून भेटते काय?" सावली गावात जो तो मला विचारी. मी काहीतरी ठोकून देई, कारण मलाही ठाऊक नव्हतं.

मग एका सुटीत तिनं मला ग्रीक लोकांच्या नाटकांबद्दल सांगितलं. अडीच हजार वर्षांपूर्वीची गोष्ट. डोंगराच्या उतारावर हजारो माणसं सकाळपासून बसलेली, त्यात शेतकरी, कुंभार, खलाशी. नटांच्या तोंडावर मुखवटे आणि मधे गाणाऱ्या-नाचणाऱ्यांचा जथा. ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. इतकी लांबची, इतकी जुनी माणसं, आणि नाटकासाठी आमच्यासारखीच वेडी!

"प्रॉम्प्टर कुठी बसे त्याह्यचा?" मी विचारलं.

"मले तरी अजून सापडला नाई बाबा. सारं तोंडपाठ राहे त्याह्यचं."

दोन दिवस मी नाराज होतो. मग मनातल्या मनात त्या नटांना हात जोडले.

यंदा तिनं इटलीतल्या एका विद्यापीठात एमएसाठी अर्ज केला. शिष्यवृत्तीची जागा एकच, आणि शिष्यवृत्तीशिवाय इटली आमच्या बापजन्मात शक्य नव्हती. मुलाखत कॉम्प्युटरवर होणार होती. एका जुन्या ग्रीक नाटकातल्या जथ्याच्या चाळीस ओळी तोंडपाठ म्हणायच्या आणि समजावून सांगायच्या. उन्हाळाभर ती घरात त्या ओळी घोकत होती. मी त्या देवनागरीत माझ्या वहीत उतरवून घेतल्या आणि ती अडली की सांगू लागलो. विहारातली पाली वंदना लहानपणी अर्थ न कळताच माझ्या तोंडी बसली होती, तसंच हे ग्रीकही बसलं. रुखमा, माझी बायको, म्हणे, "बाप-लेकीनं भाकर तरी मराठीत मागा."

घरी नेटची बोंब, म्हणून मुलाखतीला कय्यूमभाईंच्या ऑनलाइन सेंटरवर गेलो. तिथं पासपोर्ट फोटोसाठी पांढरा पडदा टांगलेला आहे. नंदिनी त्याच्यापुढे बसली.

"अश्वजितभाऊ, तुमी मागं बसा," कय्यूमभाई म्हणाले. "पन आवाज नाई पायजे."

आता मला सांगा, समोर बोलणारं माणूस, मधे पडदा, मागे मी आणि हातात वही. सत्तावीस वर्षांत मी याहून वेगळ्या जागी बसलोय कुठं?

पडद्याच्या फटीतून मला स्क्रीन दिसत होती. पांढऱ्या केसांच्या प्राध्यापक बाई, चेहरा कडक. नंदिनीनं सुरुवात केली आणि मी वहीवर बोट ठेवून चाललो. काय म्हणत होती पोरगी! शब्द कळत नव्हते, पण म्हाताऱ्या माणसांचा जथा पाय ओढत येतोय हे कानाला समजत होतं. सव्विसाव्या ओळीनंतर ती थांबली. एक सेकंद. दोन. तीन. आमच्याकडे तिसऱ्या सेकंदाला शिट्ट्या पडतात.

माझं तोंड आपोआप उघडलं. सत्ताविसावी ओळ, खणखणीत, विंगेतून.

स्क्रीनवरच्या बाईंनी पेन खाली ठेवलं आणि काहीतरी विचारलं. पोरीची जागा मी माझ्या तोंडानं घालवली होती.

नंदिनी उठली आणि तिनं पडदाच बाजूला सारला. वहीसकट मी उघडा पडलो. ती इंग्रजीत बोलली, मला कळलं ते एवढंच: हे माझे वडील, नाटकात प्रॉम्प्टर आहेत, ती ओळ त्यांनी सांगितली. हा उतारा धरू नका. मी कधीच न पाहिलेलं काहीतरी द्या.

बाईंनी पुढ्यातले कागद चाळले. मग स्क्रीनवर लॅटिन अक्षरं आली, कुठल्याशा थडग्याच्या दगडावरची. माझ्या वहीत आता काहीच नव्हतं. मी खांद्यावरच्या दुपट्ट्याचा बोळा तोंडात धरला. नंदिनी एक शब्द वाची, मागे जाई, पुन्हा वाची, थांबे. मग हळूहळू सांगू लागली. नंतर मला तिनं मराठीत सांगितलं तो मजकूर असा: एका गाढववाल्यानं भावासाठी दगड कोरून घेतला होता. चाळीस वर्षं एका वाटेनं चाललो, आज तू पुढे गेलास. दोन हजार वर्षांपूर्वीचा तो गाढववाला माझ्या लेकीच्या तोंडून कय्यूमभाईंच्या दुकानात बोलला. मला तिचा इतका अभिमान वाटला की रडूच आलं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "विसरली होतीस ना वो?"

"नाई बाबा. तिथी थांबाचं असते. समोर राजा दिसते अन् ते म्हातारे गप्प होतात. मले कालच समजलं, तुमाले सांगाचं राह्यलं."

मी रस्त्यातच कपाळावर हात मारून घेतला. अडलेल्या नटाची शांतता मला हजार पावलांवरून ओळखू येते, असं मी मिरवत आलोय.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. जागा तिलाच मिळाली.

परवा दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. इटलीच्या दक्षिणेला ग्रीकांचं जुनं नाट्यगृह आहे, तिथं ती मधोमध उभी होती, मागे दगडी पायऱ्या. "आयका," म्हणाली आणि त्याच ओळी म्हणू लागली. सव्विसावी झाली आणि ती थांबली. सत्ताविसावी माझ्या जिभेवर होती. रुखमानं माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं.

मी ओठ मिटून बसलो. नंदिनीनं पूर्ण वेळ घेतला आणि मग ती ओळ तिनंच म्हटली.