उपाशी खांदा

भिंगरी मिस्त्रीला जन्मल्यापासून एका जागी बसणं ठाऊक नाही. खोटं वाटत असेल तर त्याच्या आईला विचारा. ती सांगते, की एका बाहीत हात घालून दुसरी बाही शोधेपर्यंत पोर पाळण्यातून उतरून दाराशी पोचलेलं असायचं, आणि दुसरी बाही मग गल्लीत गाठून घालावी लागायची. अशा माणसाने लिफ्ट दुरुस्तीचा धंदा धरला यात नवल ते काय? दिवसभर वर-खाली करा आणि वर पोटही भरा! हातात पाना नसला की बोटांना चाळा लागतो, आणि तोंडाला तर सदासर्वदा काहीतरी हवंच. बडीशेप, शेंगदाणे, बिस्किट. अगदीच काही नसलं तर शर्टाची कॉलर.

गेल्या वर्षी ही भिंगरी राहत्या इमारतीच्या लिफ्टच्या बोगद्यातून चौथ्या मजल्यावरून थेट तळाला गेली. लिफ्टशिवाय. तळाशी चेअरमनने सगळे नियम धाब्यावर बसवून आपल्या घरच्या जुन्या गाद्या कोंबून ठेवल्या होत्या, म्हणून निभावलं. लोकांनी वरून बॅटरी मारली तर हा गाद्यांवर मांडी घालून बसलेला, आणि वर तोंड करून म्हणतोय, "माझा पाना वर राहिलाय, जरा टाका की!" त्या दिवसापासून चेअरमन गावभर सांगत सुटला आहे, की मिस्त्रीला आपणच वाचवलं.

पण आईचं म्हणणं वेगळं. लेक चौथ्या मजल्यावरून सुटला आणि गाद्यांवर आदळला, तेवढ्या वेळात तिने नवस बोलून, नियम ठरवून, देवाकडून होकारही घेतला होता. पोरगं जगलं तर श्रावणातल्या सोमवारी ते नदीचं पाणी कावडीने पायी नेऊन डोंगरावरच्या महादेवाच्या पिंडीवर घालील. कावड उपाशीपोटी वाहायची, जमिनीला टेकवायची नाही, खुंटीला टांगायची नाही. खांदा बदलायची वेळ आलीच, तर उपाशी माणसाच्याच खांद्यावर द्यायची. आणि पिंडीवर पाणी पडेपर्यंत आई स्वतः पाण्याचा घोटही घेणार नाही.

"आणि मोडला नवस तर?" भिंगरीने तेव्हा विचारलं होतं.

"तर त्या गाद्या आता तिथे नाहीत, एवढं ध्यानात ठेव," आई म्हणाली होती.

तर तो सोमवार उजाडला. पावसाची बारीक भुरभुर होती. भिंगरीने नदीत डुबकी मारली, पितळेचे दोन तांबे भरले, आखूड बांबूच्या दोन्ही टोकांना बांधले आणि कावड खांद्यावर घेऊन अनवाणी निघाला. पुलापाशी चहाची टपरी लागली. टपरीवाला ओळखीचा. त्याने सवयीने पेला पुढे केला, भिंगरीच्या हाताने सवयीने घेतला, बरणीतून बिस्किट काढलं, बुडवलं, तोंडाकडे नेलं. हा सगळा कारभार हाताने परस्पर उरकला. धन्याला कळलं तेव्हा अर्धं बिस्किट गळ्याखाली उतरलं होतं.

भिंगरी जागच्या जागी थिजला. आयुष्यात पहिल्यांदाच.

मग चालायला लागला, आणि चालता चालता मनातल्या मनात वकिली सुरू झाली. अर्धंच तर होतं. भिजलेलं होतं, म्हणजे जवळजवळ पेयच. चावलं नाही, नुसतं गिळलं. देव काय टपरीवर बसलाय? पण प्रत्येक युक्तिवादाला आतून एकच प्रश्न येई: मग मान का खाजतेय? कावडीखालचा खांदा शिवशिवत होता. परत नदीवर जावं, डुबकी मारून पाणी बदलावं, असं तीनदा मनात आलं आणि तीनदा पाय पुढेच पडले. कारण डोंगराच्या वाटेवर त्याची स्वतःची इमारत होती, आणि कावडीला नमस्कार करायला आई खाली येऊन थांबणार होती. उशीर झाला असता तर तिने विचारलं असतं. आणि आईने विचारल्यावर भिंगरीला खोटं बोलता येत नाही; त्याचे कान लाल होतात.

इमारतीपाशी पोचला तर आई दारात नव्हती. आई लिफ्टमध्ये होती, आणि लिफ्ट पहिल्या नि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये लोंबकळत होती.

आता ही लिफ्ट कोणाच्या देखरेखीखाली? भिंगरीच्याच. तिचा ब्रेक कुरकुरतोय हे कोणाला माहीत होतं? त्यालाच. गावातल्या सगळ्या लिफ्ट गेल्या आठवड्यात त्याने तेल घालून, पुसून लखलखीत केल्या, आणि घरच्या लिफ्टला म्हणाला होता, "तुझं बघू कावड झाल्यावर."

"आई!" तो पहिल्या मजल्याच्या जिन्यातून ओरडला. "घाबरू नकोस!"

"मी कशाला घाबरू?" बोगद्यातून आवाज आला. "पंखा बंद पडलाय आणि घसा सुकलाय, बाकी झकास आहे. कावड कुठाय?"

"खांद्यावर."

"खाली ठेवलीस तर मी इथून बाहेर येणार नाही, सांगून ठेवते!"

झाली का पंचाईत! लिफ्ट हाताने उतरवायची तर गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जायला हवं. तिथलं दार इतकं अरुंद, की भिंगरी स्वतः तिरका होऊन आत शिरतो. आत एका हाताने ब्रेक सोडायचा, दुसऱ्या हाताने चाक फिरवायचं. दोन्ही हात गुंतलेले, समोर फिरती यंत्रं. तिथे खांद्यावर तांबे डोलवत उभं राहणारा माणूस एकदाच उभा राहतो. त्याने लिफ्टच्या कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. "आपल्या भागातले आमचे मिस्त्री आत्ता मोकळे आहेत, त्यांना कळवते," म्हणाली, आणि भिंगरीच्याच फोनवर निरोप आला.

तोवर जिन्यात अर्धी इमारत गोळा झाली होती. भिंगरीची बायको पहाटेच्या पाळीला कामावर गेलेली, नाहीतर तिनेच खांदा दिला असता. भिंगरी दोन पायऱ्या वर जाई, तीन खाली येई, तांबे डुचमळत.

"कोणीतरी घ्या हो कावड," तो म्हणाला. "जरा वेळ. फक्त उपास हवा."

सगळ्यांनी चेअरमनकडे बघितलं. पंधरा दिवस जिन्यात, पार्किंगमध्ये, पाण्याच्या टाकीपाशी चेअरमन एकच पालुपद आळवत होता: आपले श्रावणी सोमवार म्हणजे कडक, निर्जळी, एकदम कडक. चेअरमन पुढे झाला. कावडीला हात लावणार, एवढ्यात बोगद्यातून आईचा आवाज आला, "खोट्या खांद्यावर गेली तर माझं पोर पुन्हा पडेल हां, चेअरमनसाहेब!"

चेअरमनचा हात हवेतच राहिला. "तसं नाही... सकाळची गोळी असते माझी. उपाशीपोटी चालत नाही ती. म्हणून थोडंसं..."

"थोडंसं?" चेअरमनबाई कडाडल्या. "रात्रीचा सगळा भात गेला! मी पातेलं धुतलंय!"

चेअरमन दोन पायऱ्या मागे सरकला आणि त्याच्यामागे टेलर उघडा पडला. "माझा फक्त फलाहार," टेलर घाईने म्हणाला.

"मग घ्या की."

"फलाहार म्हणजे... फळांचा केक होता."

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, ज्या इमारतीतल्या सगळ्यांना कोणत्या दिवशी काय खाऊ नये ते सांगत, त्यांना एकाएकी कंबर आठवली. एकेकजण कावडीकडे बघे, मनातल्या मनात सकाळपासूनचं ताट आठवून पाही आणि भिंतीला टेकून उभा राही. बघता बघता भिंगरीभोवती एवढी मोकळी जागा झाली, की त्यात सतरंजी अंथरता आली असती.

शेवटी मास्तर पुढे आले. मास्तर देव मानत नाहीत, हे ते रोज सकाळी पेपर वाचताना मोठ्याने सांगतात. "मी देतो खांदा," ते म्हणाले. "काल दुपारपासून पोटात अन्न नाही."

"तुमचा उपास?" सगळ्यांचा एकदमच प्रश्न.

"उपास कसला! हिने बोलणं टाकलंय आणि स्वयंपाकही."

भिंगरीला वाटलं, सुटलो. त्याने खांदा वाकवलाही. पण आत आईचे कान जागेच होते. "मास्तर, रागाचा उपास देवाला पोचत नाही! आधी घरी जाऊन वहिनींची माफी मागा!"

मास्तर खरोखरच वर गेले. कुठल्याशा मजल्यावर दार उघडल्याचा आणि कोणीतरी हसल्याचा आवाज आला, पण खाली कोणाचं लक्ष नव्हतं. आईचा आवाज आता बारीक झाला होता. मधूनच ती खोकत होती, कोरडं खोकत होती. श्रावणातली कोंदट हवा, बंद पेटी, सकाळपासून घशाखाली थेंब नाही, आणि वय झालेलं. भिंगरीला पाय एका जागी ठेवता येईनात. सगळ्यांचे उपास एकेक करून उघडे पडले, आणि प्रत्येकाच्या वेळी त्याला घाम फुटला. कारण जिन्यात उभ्या असलेल्या खोट्या खांद्यांत पहिला नंबर त्याचा होता, आणि तोच कावड वाहत होता. मग टेकवून मोकळं का होऊ नये? बिघडायचं ते पुलापाशीच बिघडलंय. तो वाकलाही. तांब्याचा तळ जमिनीपासून बोटभर राहिला.

"भिंगऱ्या," आतून आई म्हणाली. "तुझी पावलं थांबली. काय करतोयस?"

"काही नाही!" तो ताडकन उठला, आणि तरातरा दुसऱ्या मजल्यावर गेला. तिथल्या दाराला किल्ली लावून त्याने ते आणि आतलं लिफ्टचं दार सरकवलं. लिफ्टचं छप्पर जमिनीच्या जरा वर होतं. मध्ये दीड वीत फट. तेवढ्यातून माणूस काढणं शक्य नव्हतं, आणि शक्य असतं तरी भिंगरीने काढलं नसतं. लोंबकळत्या लिफ्टचा काय भरवसा? पण आईचं तोंड तरी दिसलं असतं. तो कावड सावरत, गुडघे मोडत, बेडकासारखा उकिडवा बसला आणि फटीतून खाली वाकला.

आई कोपऱ्यात उभी होती. तिने मान वर केली. काळोखातून उजेडाकडे, खालून वर, थेट लेकाच्या नाकाखाली तिची नजर गेली आणि तिथेच थांबली. बराच वेळ थांबली. भिंगरीच्या कानांना ऊब जाणवली.

मागून चेअरमनने विचारलं, "काय म्हणतायत आई?"

आई खाकरली. "म्हणतेय, तुम्ही सगळे चुलीत जा. इमारतीत उपाशी माणूस शोधताय आणि मी इथे काय करतेय? दे रे कावड इकडे."

खरंच की! सकाळपासून निर्जळी असलेलं एकच माणूस इमारतीत होतं आणि सगळे त्यालाच सोडवायला दुसरं शोधत होते.

आधी एक तांब्या फटीतून उतरला. मग आखूड बांबू, सापासारखा सरकत. मग दुसरा तांब्या. आईने चवड्यांवर उभं राहून सगळं झेललं, कुठे टेकू दिलं नाही, आणि बांबू आपल्या हाडकुळ्या खांद्यावर घेतला. "जा आता," ती म्हणाली. "आणि वर नीट धर. पडलास तर मीच चोपीन."

भिंगरी गच्चीवर कसा पोचला ते त्यालाही सांगता येत नाही. काही लोक म्हणतात, जिन्याला त्याचे पाय लागलेच नाहीत. त्याने मुख्य बटण बंद केलं, तिरका होऊन आत शिरला, ब्रेक सोडला, चाक धरलं. आणि हात, जे जन्मात कधी स्थिर राहिले नव्हते, ते आता गवंड्याच्या ओळंब्यासारखे स्थिर. चाक तसू तसू फिरवत त्याने आईला तळमजल्यावर आणलं. तांब्यातलं पाणीसुद्धा हिंदकळलं नाही म्हणतात.

खाली आला तेव्हा आई कावडीसकट दाराबाहेर उभी होती. कपाळावर घाम, ओठ पांढरे, पण मान ताठ. चेअरमनने पाण्याचा पेला पुढे केला. तिने तो हाताने बाजूला सारला.

"दे," भिंगरी म्हणाला. "उशीर झालाय. देऊळ बंद होईल."

"महादेव युगानुयुगं एका जागी बसलाय," आई म्हणाली. "तुझ्यासारखा नाही तो. अजून थोडं बसेल."

ती फाटकाबाहेर पडली. डोंगराचा रस्ता उजवीकडे होता. आई डावीकडे वळली, नदीकडे.

भिंगरी तिच्या मागे चालू लागला. हात मोकळे होते आणि त्यांना काहीच सुचत नव्हतं. पुढे जाई, मागे येई, पुन्हा पुढे जाई. कोपऱ्यावर वळण आलं, इमारत दिसेनाशी झाली, तशी आई थांबली. त्याच्याकडे न बघताच तिने पदराचं टोक त्याच्या हातात दिलं.

"मिशी पूस," ती म्हणाली. "चुरा लागलाय."

त्याने पुसली.

"नदीवर जाऊन पुन्हा डुबकी मार. पाणी नवं भर. तिथून पुढे तुझा खांदा." दोन पावलं टाकून ती पुन्हा बोलली, "आणि टपरीवरून जाताना हात मागे बांध."

भिंगरीने हात तिथूनच मागे बांधले.