कुठल्या घरची चोंदम्मा

नीलम्माने वेबसाइटच्या नावाची अक्षरं टाकली, बटण दाबलं आणि लॅपटॉप वडिलांकडे वळवला.

"हेही गेलंय. कुर्ग ऑर्किड्स गेलं, कोडगु ऑर्किड्स गेलं. आता सीतेची वेणी म्हणतात त्या ऑर्किडाचं नावसुद्धा गेलं. ते कोणीतरी केसांच्या तेलासाठी घेऊन ठेवलंय."

कुट्टप्पांनी चष्मा सावरून लाल अक्षरांकडे पाहिलं. सकाळपासून दोघं व्हरांड्यात बसली होती. टीपॉयवर नीलम्माच्या आईची, चोंदम्माची चित्रं होती, प्रत्येकावर पातळ कागद. दोनशेच्या वर ऑर्किडं. कॉफीच्या बागेतली सावलीची झाडं छाटली की फांद्यांबरोबर खाली यायची, कुट्टप्पा ती टोपीत घालून घरी आणायचे आणि चोंदम्मा स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून ती काढायची. गेल्या वर्षी कॉफीला फूल आलं, त्याच आठवड्यात ती गेली. चित्रं लोकांना दिसावीत, त्यासाठी वेबसाइट करावी, ही कल्पना नीलम्माची. ती बेंगळुरूला हेच काम करायची आणि वेबसाइट करणं एका दिवसाचं काम आहे असं तिने येताना सांगितलं होतं.

"नुसतं तिचं नाव बघ," कुट्टप्पा म्हणाले. "पुढेमागे काही नको."

"अप्पा, नुसती नावं कधीच संपलीत. एक नाव जगात एकालाच मिळतं."

तरी तिने पाहिलं. चोंदम्मा हे नाव हुणसूरच्या एका जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे होतं. पान उघडलं, तर ठसठशीत अक्षरांत ते नाव आणि खाली म्हशीच्या गळ्यात हात टाकून हसणारी चाळिशीची बाई. कुट्टप्पा बराच वेळ त्या अक्षरांकडे पाहत राहिले. म्हशीकडे त्यांचं लक्षच गेलं नाही.

"बाई छान आहे," नीलम्मा म्हणाली. "पण नाव काही सोडणार नाही. थांबा, हे बघा. कुट्टप्पा ऑर्किड्स. हे मोकळं आहे. सुटसुटीत आहे, लक्षात राहील."

"नको."

"का पण? चित्रं अव्वाची, झाडं तुम्ही आणलेली. तिलासुद्धा—"

"नको म्हटलं ना."

आवाज चढला नव्हता, पण नीलम्माने लॅपटॉप मिटला. तिला माहीत असलेला बाप चहात साखर नसली तरी निमूट पिऊन टाकणारा होता. संध्याकाळच्या बसला बसताना ती एवढंच म्हणाली, "पुढच्या शनिवारी येते. तोवर नाव तुम्हीच शोधा."

सोमवारी नीलम्मा ठेवून गेलेल्या लॅपटॉपवर कुट्टप्पांनी स्वतःच हुणसूरच्या बाईंचं पान उघडलं. त्यांना लिहिण्यासाठी तिथे तीन चौकटी होत्या: जनावराचं नाव, वय आणि तक्रार. एकही रिकामी ठेवली की पत्र पुढे जात नव्हतं. नावाच्या चौकटीत त्यांनी 'जनावर नाही' असं लिहिलं. वयाच्या चौकटीत स्वतःचं वय घातलं, एकाहत्तर. मग तक्रारीच्या चौकटीत दोन बोटांनी, दुपारच्या जेवणापर्यंत लिहीत राहिले. माझी पत्नी चित्रं काढायची. ती आता नाही. तिच्या नावाने एक जागा असावी अशी इच्छा आहे. ते नाव आपल्याकडे आहे. देता आलं तर उपकार होतील. आपला, कुट्टप्पा, आणि खाली ईमेलचा पत्ता.

चौथ्या दिवशी उत्तर आलं.

"कुट्टप्पा अंकल, तक्रारीच्या चौकटीत इतकं सभ्य पत्र पहिल्यांदाच आलं. राग मानू नका, नाव देता येणार नाही. इथली अर्धी गुरं मला त्या नावानेच ओळखतात. पण एक विचारते. माझ्या माहेरी-सासरी मिळून सात चोंदम्मा आहेत. लग्नघरात कोणी नुसती हाक मारली तर सातजणी वळून बघतात. आपल्यात नुसत्या नावाने माणूस कळतं का? तुमची चोंदम्मा कुठल्या घरची?"

कुट्टप्पांना बाईंचं म्हणणं पटलं. त्यांनी लगेच लिहिलं, "मणियंड चोंदम्मा."

तासाभरात पुन्हा दोन ओळी आल्या. "ते तुमचं घर झालं, अंकल. ती कुठली होती?"

या पत्राला त्यांनी उत्तर लिहिलं नाही. लॅपटॉप तसाच उघडा ठेवून ते बागेत उतरले आणि मिरीच्या वेलांमधून लांबवर चालत गेले. लग्नाच्या दिवशी मांडवात दोन्हीकडच्या जाणत्यांनी दोन्ही घराण्यांची नावं मोठ्याने उच्चारली होती, तेव्हा तिचं घराणं त्यांनी नीट ऐकलं होतं. त्याला एक्केचाळीस वर्षं झाली. त्यानंतर रेशनकार्डावर, बँकेत, दवाखान्यात ती मणियंडच होती. फाटकावरच्या पाटीवर तर तिचं नावच नव्हतं.

"नेरियंड," ते एका झाडाजवळ थांबून म्हणाले. कानाला ते परक्या बाईचं नाव वाटलं.

शनिवारी नीलम्मा आली ती चित्रं उतरवून घेण्याचं यंत्र घेऊन. नावाचा विषय तिने काढला नाही, त्यांनीही काढला नाही. व्हरांड्यात ती एकेक चित्र काचेवर ठेवी, ते पडद्यावर मोठं होऊन येई आणि कुट्टप्पा मागून वहीत झाडाचं नाव लिहीत. फांदीला धरून लोंबणारी पांढरी मुळं चोंदम्मा इतक्या बारकाईने काढायची की एका फुलाला तिला तीन तीन दिवस लागत.

"अप्पा, हे मूळ नाही," नीलम्मा एकदम म्हणाली.

तिने चित्र आणखी मोठं केलं. मुळांच्या गुंत्यात, एका मुळाच्या टोकाशी, खसखशीच्या दाण्याएवढ्या कन्नड अक्षरांत काहीतरी लिहिलेलं होतं. तिने ते हळूहळू वाचलं.

"नेरियंड चोंदम्मा."

तिने पुढचं चित्र घेतलं. त्यातही होतं. त्याच्या पुढच्यातही. मग ती मागे जाऊ लागली. आधीची, आणखी आधीची चित्रं काढून तिने सगळी तारखांप्रमाणे लावली.

"ब्याण्णवच्या पावसाळ्यापर्यंत कुठेच नाही," ती म्हणाली. "त्यानंतर प्रत्येक चित्रात आहे. एकही सुटलेलं नाही. त्या वर्षी काय झालं, अप्पा?"

कुट्टप्पांनी पेन वहीत ठेवलं आणि वही मिटली.

"आमच्या वनखात्याने एक पुस्तिका काढली. रानातल्या ऑर्किडांवर. माहिती माझी होती. चित्रं चोवीस, सगळी तिची."

"मग?"

"वर नाव एकट्या माझं छापून आलं."

"छापणाऱ्यांची चूक?"

"नाही. साहेबांनी विचारलं होतं, चित्रं कोणाची? मी म्हटलं, घरचीच आहेत."

चुलीवर भात लागत असल्याचा वास आला, तेव्हा नीलम्मा आत जाऊन पातेलं उतरवून आली आणि पुन्हा समोर बसली.

"अव्वा काय म्हणाली?"

"पुस्तिका हातात घेतली, सगळी पानं उलटली. म्हणाली, कागद चांगला वापरलाय."

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, हो, चांगला आहे."

"तीस वर्षं, अप्पा."

"हो."

नीलम्माने तोंड फिरवलं. कुट्टप्पांनी तिच्याकडे पाहायचं धाडस केलं नाही. मग तिने लॅपटॉप ओढून घेतला आणि मुळांतली ती दोन्ही नावं जोडून, एकेक अक्षर तपासत टाकली. लांबलचक झालं. एवढं लांब नाव कोणी धड लिहीत नाही, असं ती इतर वेळी म्हणाली असती.

पडद्यावर हिरवी खूण आली.

"मोकळं आहे," ती म्हणाली. "कोणी घेतलेलंच नाही."

"किती दिवसांसाठी मिळतं?"

"वर्षाच्या हिशोबाने. एकापासून दहापर्यंत."

"दहा घाल."

तिने दहा निवडलं. पुढचं पान आलं, त्यावर मालकाचं नाव विचारलेलं होतं. सवयीने तिची बोटं त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर दाबून बसली.

"माझं नको," कुट्टप्पा म्हणाले.

तिने ते अक्षर पुसलं. मग बाण त्या रिकाम्या चौकटीत तसाच ठेवून तिने वडिलांकडे पाहिलं, त्या दुपारी पहिल्यांदाच.

"मग कोणाचं घालू? माझंही मणियंडच आहे."

कुट्टप्पा खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले.