आरशातली चांदणी

गुरुवार, ९ जानेवारी. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी कमळाकर म्हात्रे यांनी आरशात बघून चांदणी काढली. वेळ एकवीस सेकंद, चुका शून्य.

अबोलीने स्टॉपवॉच थांबवलं आणि आकडा पुन्हा वाचला. नेरूळच्या एका कॉलेजात ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला मानसशास्त्र शिकत होती. कमळाकर त्याच विभागाच्या प्रयोगशाळेत परिचर, राहायला जासईला. प्रयोग सोपा असतो. कागदावर दुहेरी रेघांची चांदणी छापलेली असते, हात फळीआड झाकलेला. समोरच्या आरशात बघत दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. आरशात सगळं उलटं दिसतं, त्यामुळे पहिल्या वेळी माणूस हमखास अडखळतो. अडीच मिनिटं लागतात आणि वीस-पंचवीस चुका होतात.

"काका, रोजची सवय आहे तर आधी सांगायचं ना. माझं पूर्ण रीडिंग गेलं."

"सवय कसली? ह्या मी पयल्यांदाच केला."

अबोली हसली. कमळाकर मस्करीबद्दल प्रसिद्ध होते. प्रतिक्रियेचा वेग मोजणारं यंत्र खोटं बोललेलं पकडतं, असं सांगून ते पहिल्या वर्षाच्या मुलांना घाम फोडत. पण आता ते हसत नव्हते. चांदणी उचलून उजेडात धरत त्यांनी विचारलं, "बरा जमलाय ना?"

विभागप्रमुख नंदिनी मॅडमनी वही बघितली आणि प्रयोगासाठी दुसरा माणूस घ्यायला सांगितलं. काकांना सगळे प्रयोग पाठ आहेत, सतरा वर्षं मुलं त्यांनाच बसवतात. वेळ नसेल तर आलेख नीट येईल असे आकडे टाक, असंही म्हणाल्या. काका पहिल्यांदाच केलं म्हणतात, हे अबोलीने सांगितलं तेव्हा त्या सह्या करत होत्या. "चेष्टा करतात गं ते," एवढंच बोलल्या.

अबोलीचे सहा पेपर होते. त्यातला औद्योगिक मानसशास्त्राचा तिने मनापासून घेतला होता. वडील सुधीर महापेच्या एका कंपनीत होते, एचआरमध्ये लगेच चिकटशील, असं त्यांचं म्हणणं. बाकीचे पेपर तिने पास होण्यापुरते वाचले होते. त्या संध्याकाळी सीवूड्सच्या घरी तिने दुसऱ्या वर्षाचं पुस्तक शोधून काढलं. स्मृतीच्या प्रकरणात एका रुग्णाची हकिगत होती. मेंदूवरच्या शस्त्रक्रियेनंतर नवीन काही त्याच्या लक्षात राहत नसे. तो रोज आरशातली चांदणी काढायचा, रोज जास्त सफाईने, आणि रोज सांगायचा की हे मी आज पहिल्यांदाच करतोय. हाताने शिकलेलं आणि मनाला आठवणारं मेंदूत वेगवेगळ्या जागी राहतं, असं खाली लिहिलं होतं. परीक्षेत या प्रश्नाला तिला पाचपैकी चार गुण मिळाले होते.

एका आकड्यावरून काही ठरत नाही, हे तिला माहीत होतं. हे आहे तर कधीपासून, हा पहिला प्रश्न.

तपासणी समितीसाठी ठेवलेल्या जुन्या वह्या कपाटात होत्या. शुक्रवारी दुपारपर्यंत तिला कमळाकरांवरच्या या प्रयोगाच्या चौदा वह्या मिळाल्या. पहिला प्रयत्न १४८ सेकंद. पुढच्या वर्षी १५१. त्याच्या पुढच्या वर्षी १४६. चौदाही आलेख पुस्तकातल्यासारखे अलगद खाली उतरत होते, आणि प्रत्येक वहीत प्रयोगाला बसलेल्या माणसाबद्दल एकच वाक्य होतं: 'प्रयोज्याला या प्रयोगाचा पूर्वानुभव नाही.' वय तेवढं खरं लिहिलेलं होतं. ते चाळीसपासून वाढत गेलं होतं.

तिने वह्या मॅडमपुढे ठेवल्या. मॅडमनी एकेक उघडली. खाली त्यांच्याच सह्या होत्या.

"असे आकडे टाकायला मीच सांगायचे मुलांना," त्या म्हणाल्या. "आलेख पुस्तकासारखा आला नाही तर परीक्षक खोदत बसतात."

थोड्या वेळाने त्यांनी आणखी एक सांगितलं. दिवाळीनंतर कमळाकरांनी एकच हजेरीपत्रक दोनदा मागून नेलं होतं. वयाचा परिणाम असेल म्हणून त्यांनी सोडून दिलं. निदान करणं आपलं काम नाही, हेही त्यांनी अबोलीला बजावलं. मग कमळाकरांना आत बोलावलं.

त्यांनी उभ्यानेच ऐकून घेतलं.

"निवृत्तीला चवदा म्हयने राह्यलेत मॅडम. हापिसात कलला तर मना गेटवर बसवतील."

मॅडमनी अट घातली. डॉक्टरांना दाखवा, ऑफिसचं मी बघते. कमळाकरांनी मान हलवली. पत्नीला बोलावू का म्हटल्यावर मात्र ते दाराकडे वळले. मॅडमनी फोन केला.

कमळाकरांची पत्नी पुतळाबाई सोमवारी आल्या. मॅडमनी पुढे केलेल्या खुर्चीवर बसल्या नाहीत. एकच भाजी दोनदा आणतात, बस सोडून चालत येतात, असं बरंच त्यांनी सांगितलं. कधीपासून, असं विचारल्यावर त्या बोटांवर महिने मोजू लागल्या. "गनपतीपासना असंल. का त्याच्या आदल्या? मी ध्यान दिला नाय. लोकांना कलला तर हसतील, म्हून घरातच झाकून ठेवला."

गुरुवारी, १६ तारखेला, कमळाकर आपणहून अबोलीपुढे येऊन बसले. परत घे, म्हणाले. या वेळी एकोणीस सेकंद लागले. पेन्सिल एकाही टोकावर थांबली नाही. त्यांनी फळी बाजूला सारून आपला हात बघितला.

"तू बोलतेस, मी ह्या सतरा वर्सा करतंय?"

"हो काका."

"मंग मना शिकवला कोनी?"

"कोणी नाही. तुम्हीच करत करत शिकलात."

त्यांनी चांदणीच्या कागदाची घडी करून खिशात घातली, आणि दुसऱ्या गटाची मुलं आली म्हणून आरसे पुसायला घेतले.

सोमवारी, २० जानेवारीला, पुतळाबाई त्यांना वाशीच्या रुग्णालयात घेऊन गेल्या. मॅडमनी अबोलीला सोबत दिलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, हे किती वेगाने वाढलंय? आधीची कसली नोंद आहे का, अगदी साधी? चौदा वह्यांतली एकही वेळ खरी नव्हती; अबोलीने नाही म्हणून सांगितलं.

मेंदूच्या तपासणीसाठी ३ मार्च ही तारीख मिळाली आहे. अर्जावर नाव, वय, पत्ता भरलेला आहे. 'त्रास कधीपासून' या रकान्यात अजून काही लिहिलेलं नाही.