कार्ड चालून राह्यलं

मी एक जुना मोबाइल आहे, मित्रांनो. माझ्या काचेला कोपऱ्यातून तडा गेला आहे आणि आवाजही आता घोगरा येतो. चंद्रपुरातल्या एका दोन खोल्यांच्या घरात मी राहतो. आज मला माझ्या मालकाची, राजदीपची हकिगत सांगायची आहे.

माझा जन्म कुठल्याशा मोठ्या कारखान्यात झाला, पण ते मला नीट आठवत नाही. आठवतं ते दुकान, जिथे राजदीपने मला पहिल्यांदा हातात घेतलं. तो फ्रिज आणि एसी दुरुस्त करायचा. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात मला घटकाभरही फुरसत नसे. गिऱ्हाइकं मला हातात घेऊन पाहत, फोटो किती साफ येतात म्हणत, आणि मी फुलून जात असे.

पुढे बाजारात टेबल मांडून बसलेल्या एका माणसाने राजदीपला क्रेडिट कार्ड मिळवून दिलं. लोकांचे फ्रिज दुरुस्त करणाऱ्या राजदीपच्या स्वतःच्या घरी फ्रिज नव्हता. त्याने तो कार्डावर, हप्त्यांनी आणला. त्याची आई कांताबाई सुरुवातीला काही काम नसतानाही फ्रिजचं दार उघडून थंडाव्यात उभ्या राहायच्या. कार्डावर खर्च झाला की माझ्यावर मेसेज येई. हप्त्याची आठवण मी करायचो आणि राजदीप कधी चुकवत नसे. लहान खरेदीला ते कार्ड मशीनला नुसतं टेकवलं तरी चालायचं, पिनही लागत नसे. त्याला त्याची मोठी गंमत वाटे.

एका ऑगस्टमध्ये तो कोरपन्याकडे, एका कारखान्याच्या वसाहतीत कामाला गेला. माझी बॅटरी उतरली होती, म्हणून दुसरा एक साधा फोन खिशात टाकून त्याने मला घरीच ठेवलं. परत येताना नदी पुलावरून वाहत होती. दुसऱ्या दिवशी त्याची मोटरसायकल कठड्यात अडकलेली सापडली. तो सापडला नाही. बोटी फिरल्या, लोक काठाकाठाने गेले, आणि मग शोध थांबला.

वस्तीतल्या जाणत्या लोकांनी तो गेला असं धरून पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम करून घ्या म्हणून सांगितलं. कांताबाईंनी नकार दिला. पोराला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्या काही करू देणार नव्हत्या. राजदीपची बायको रिना मला चार्ज करून जवळ ठेवी. कार्ड त्याच्या पाकिटात, त्याच्याबरोबरच गेलं होतं. ते बंद करायचं असतं, हे त्या दिवसांत कोणाच्या मनातही आलं नाही.

पावसाळा सरला. एका संध्याकाळी रिना भाकरी थापत असताना माझ्यावर मेसेज आला. वरोऱ्याच्या एका पेट्रोल पंपावर राजदीपच्या कार्डावरून खर्च झाला होता. वर त्याचं नाव होतं, जसं नेहमी असायचं. रिनाने तो वाचला आणि पिठाच्या हाताने मला तसंच धरून ती खाली बसली.

त्यानंतर मेसेज येतच राहिले. एकदा जेवणाच्या हॉटेलातला, एकदा नागपूरच्या जोड्यांच्या दुकानातला. कांताबाई प्रत्येक मेसेज रिनाकडून वाचून घेत.

"पुरात चप्पल गेली असन त्याची," त्या म्हणाल्या. "म्हनून जोडे घेतले."

जेवणाचा मेसेज आला की त्या रात्री त्यांना झोप लागायची. डोक्याला मार लागला असेल, घर आठवत नसेल, आठवलं की येईल, असं त्या शेजाऱ्यांना सांगत. मित्रांनो, माझ्यातून एक मेलेला माणूस गावोगाव फिरत होता आणि त्याचा माग मीच रोज घरात आणत होतो.

राजदीपची बहीण खुशबू एका दवाखान्यात नर्स होती. तिने स्पष्ट सांगितलं की हा कोणीतरी चोर आहे, वहिनीने कार्ड आजच बंद करावं. रिनाने बँकेला फोन लावला. पलीकडून बंद करण्यासाठी बटण दाबायला सांगितलं. तिचं बोट माझ्या काचेवर आलं, तेवढ्यात कांताबाईंनी तिचा हात धरला.

"बंद नोको करू, रिना. कार्ड चालून राह्यलं म्हंजे मानूस चालून राह्यला."

रिनाने फोन ठेवला. मला वाटतं, तिलाही ते बटण दाबायचं नव्हतं.

बिल वाढत गेलं. वसुलीवाल्यांचे फोन येऊ लागले. राजदीप कुठे आहे, म्हणून ते दरडावून विचारत. एकदा कांताबाईंनी मला कानाला लावलं आणि हळूच विचारलं, "तुमाले दिसला का जी तो? आमीबी त्यालेच शोधून राह्यलो." पलीकडच्या माणसाने फोन ठेवला.

शेवटी, त्याच पंपावरचा नवा मेसेज आल्यावर, रिना मला घेऊन एकटीच वरोऱ्याला गेली. पंपाच्या मालकाने आधी आढेवेढे घेतले, पण तिने माझ्यावरचा मेसेज दाखवल्यावर त्याने कॅमेऱ्याचं चित्रण लावलं. एका मालवाहू गाडीतून माणूस उतरला. त्याने कार्ड मशीनला टेकवलं. तो राजदीप नव्हता. रिनाने चित्रण पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हाही तो राजदीप नव्हता. गाडीचा नंबर मात्र स्वच्छ दिसत होता.

तो नंबर आणि माझ्यातले सगळे मेसेज घेऊन ती ठाण्यात गेली. थोड्याच दिवसांत गाडीचा ड्रायव्हर पकडला गेला. आदेश त्याचं नाव. पाकीट कुठे मिळालं असं विचारताच तो रडायला लागला. पूर ओसरल्यावर तो नदीवर गाडी धुवायला उतरला होता. पुलाच्या बऱ्याच खाली, काटेरी झुडपांत, गाळात एक माणूस मरून पडलेला होता. पाकीट त्याच्या खिशात होतं.

कांताबाई हट्टाने ठाण्यात आल्या. रिनाच्या मुठीत मी होतो. त्या आदेशवर ओरडल्या नाहीत.

"त्याले पाहून कोनाले सांगाव असं तुले वाटलं नाई काय?" त्यांनी विचारलं.

"वाटलं, माय," तो मान खाली घालून म्हणाला. "पन पाकीट घेतल्यावर सांगताच आलं नाई."

आदेशने दाखवलेल्या जागी राजदीप सापडला. खिशातल्या टेस्टरवरून आणि पट्ट्यावरून रिनाने त्याला ओळखलं. घरी बुद्धवंदना झाली, पुण्यानुमोदन झालं. कांताबाई शेवटपर्यंत हात जोडून बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः मला उचलून रिनाच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "कर आता बंद." रिनाने कार्ड बंद केलं. चोरीचा खर्च बँकेने पोलिसांचा कागद पाहून वगळला. फ्रिजचे हप्ते रिना अजून भरते.

मित्रांनो, घरातलं कोणाचं कार्ड हरवलं तर ते त्याच दिवशी बंद करायला सांगा. हे मला सांगायलाच हवं. पण सांगताना माझा आवाज अडखळतो, कारण ते वेळेवर बंद झालं असतं तर राजदीप आजही त्या गाळातच असता. म्हणून आणखी एक विनवणी करतो. कुठे कोणाचं पाकीट दिसलं तर त्याला हात लावण्याआधी आजूबाजूला माणूस शोधा. सापडला तर तो जिवंत असो वा नसो, तिथूनच कोणाला तरी सांगा. त्याच्या घरी कोणीतरी फोन हातात धरून बसलेलं असतं.