पुराची तालीम

सदाशिवरावांनी भूपेंद्रची थैली अंगणातल्या बाजेवर उपडी केली आणि एकेक वस्तू हातातल्या यादीशी ताडून पाहू लागले. टॉर्चचं बटण दाबलं, लागला. मेणबत्त्या चार. आगपेटी, फोटोच्या रिळाच्या रिकाम्या डबीत घट्ट बंद केलेली. दोरी वीस हात. पाण्यात टाकायचं औषध. फुटाण्यांची पुडी उघडून त्यांनी एक फुटाणा तोंडात टाकला आणि तोंड वाकडं केलं.

"हे मागच्या वर्षीचे हायेत."

"फुटाणे ते फुटाणेच, बाबा," भूपेंद्र म्हणाला.

"किराणा दुकान हाये आपलं. लोकाईले ताजे अन् घरच्याईले शिळे?"

ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या शकुंतलाबाई हसल्या. भूपेंद्रने पुडी उचलून खिशात घातली. यादीत फुटाण्यांपुढे फुली पडली.

दोन हजार चारच्या जूनमधला शेवटचा रविवार होता. मृग कोरडाच गेला होता आणि नदीत गुडघाभरही पाणी नव्हतं. पण सदाशिवरावांच्या घरी पुराची तयारी पाण्यावर अवलंबून नसे. घरातल्या प्रत्येकाच्या नावाची एक रेक्झिनची थैली दाराजवळच्या खुंटीला बाराही महिने टांगलेली असे. थैलीत काय असावं याची अकरा कलमांची यादी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवली होती. जूनच्या शेवटच्या रविवारी आधी थैल्यांची तपासणी, मग शिट्टी, मग सगळ्यांनी आपापली थैली घेऊन उंच जागी पोचायचं आणि तिथे हजेरी. आर्वी डेपोत एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून काढलेल्या माणसाला शिट्टी आणि हजेरी यांशिवाय काही सुचत नसावं, असं गावातले लोक म्हणत.

खरं कारण गावाला माहीत होतं. एक्याण्णवच्या जुलैत नदी गावात शिरली तेव्हा सदाशिवराव ड्युटीवर होते. रस्ता तुटला आणि दोन दिवस ते डेपोतच अडकून पडले. शकुंतलाबाई आणि तेव्हा सतरा वर्षांचा भूपेंद्र ग्रामपंचायतीच्या गच्चीवर बसून राहिले, खायला कोणीतरी दिलेली कच्ची वांगी. "पुरात आमी होतो, अन् भेव ह्याईले बसलं," असं शकुंतलाबाई आल्यागेल्याला सांगत. दुसऱ्या वर्षीपासून खुंटीला थैल्या लागल्या.

"मयुरी," त्यांनी हाक मारली.

त्यांची सून दाराशी उभी होती. तिने थैली आणून बाजेवर ठेवली आणि पुन्हा दाराशी जाऊन उभी राहिली. चार वर्षांची गुंजन तिच्या पदराला लोंबकळत होती. मयुरीची नजर सासऱ्यांच्या बोटावर होती. बोट यादीवरून खाली सरकत होतं आणि तिला फक्त नवव्या कलमाशी मतलब होता.

पंधरा दिवसांपूर्वी पोस्टमनने तिच्या नावाचा लिफाफा आणला होता. रोज बसने जाऊन-येऊन करण्याजोग्या तळेगावच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षणसेवक म्हणून नेमणूक. अठ्ठावीस जूनपर्यंत रुजू व्हावे, अन्यथा नेमणूक रद्द समजण्यात येईल. लग्नाआधी डी.एड. केलं होतं, त्याला सहा वर्षं झाली होती. ती लिफाफा हातात धरून नाचली नाही इतकंच. भूपेंद्रने तो वाचला, तिची डी.एड.ची मूळ प्रमाणपत्रं मागून घेतली आणि सगळं एकत्र करून दुकानातल्या लोखंडी अलमारीत ठेवलं. "सांभाळून ठेवतो," म्हणाला, आणि अलमारीची किल्ली करगोट्याला बांधली. त्याच रात्री जेवताना त्याने वडिलांना सांगितलं, की नेमणूक समुद्रपूरकडच्या कुठल्याशा खेड्यात आहे, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. "यवढ्या दूर कसं जमन," सदाशिवराव म्हणाले आणि विषय संपला. मयुरी आत पोळ्या लाटत होती. तिने सगळं ऐकलं. नवरा बोलत असताना सासऱ्यांपुढे येऊन त्याला खोटं पाडायची रीत त्या घरात नव्हती, तिच्या माहेरीही नव्हती. तव्यावरची पोळी तेवढी करपली.

त्यानंतर तिने एकच गोष्ट केली. थैलीत प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स ठेवल्या आणि रविवारची वाट पाहिली.

"हे झेरॉक्स हायेत," सदाशिवराव म्हणाले. "नववं कलम काय सांगते?"

"मूळ कागदपत्रे," मयुरी म्हणाली.

"मंग?"

"दुकानातल्या अलमारीत हायेत, बाबा."

"तिथंच सेफ हायेत," भूपेंद्र घाईने म्हणाला. "लोखंडी अलमारी हाये. काऊन काढायचे उगाच?"

सदाशिवरावांनी चष्मा कपाळावर चढवला. "तेच अलमारी एक्याण्णवमधी तीन दिवस पाण्यात होती. तुह्या दहावीच्या मार्कशीटचा लगदा झाल्ता. आठोते का? जाय, घेऊन ये."

दुकान अंगणाला लागूनच होतं. भूपेंद्र गेला. मयुरी मनात हिशेब करत राहिली. तो नुसती प्रमाणपत्रं आणेल आणि नेमणुकीचा कागद मागे ठेवेल, हे उघड होतं. तिने त्याच्या जागी तेच केलं असतं. पण दुकानात गिऱ्हाईक उभं असावं, कारण आतून तराजूचा आवाज आला, मग कोणाशी तरी साखरेवरून बोलणं. भूपेंद्र मनाचा वाईट नव्हता आणि डोक्यानेही कमी नव्हता. आळशी मात्र होता. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात अख्खा लिफाफा होता.

"घ्या. टाका थैलीत."

कागद हातात पडला की तो वाचायचा, ही सदाशिवरावांची डेपोतली सवय. त्यांनी लिफाफ्यातले सगळे कागद काढले. बारावी पाहिली, डी.एड.चं पहिलं वर्ष पाहिलं, दुसरं पाहिलं. चौथ्या कागदाशी ते थांबले. वरपासून वाचलं. खालपर्यंत गेले, पुन्हा वर आले. शाळेच्या नावावर त्यांचं बोट जरा वेळ राहिलं, मग तारखेवर गेलं. भूपेंद्र जमिनीकडे पाहत होता. मयुरीने गुंजनला उगीचच उचलून कडेवर घेतलं.

सदाशिवरावांनी कागद जसे होते तसे लिफाफ्यात घातले. लिफाफा एका पॉलिथिनमध्ये, ते दुसऱ्या पॉलिथिनमध्ये, आणि वरून सुतळी. गाठ मारायला त्यांना नेहमीपेक्षा वेळ लागला. मग त्यांनी नवव्या कलमापुढे बरोबरची खूण केली.

"तालीम आज नाई," ते म्हणाले. "उद्या सकाळी."

"उद्या?" भूपेंद्रने मान वर केली. "सोमवारी मले आर्वीले माल आणाले जा लागते."

"पूर रविवार पाहून येत नाई. पावणेआठले शिट्टी. अन् या वर्षी शाळेच्या मैदानात नाई, फाट्यावर जमायचं. बस थांब्यापाशी."

"फाट्यावर काऊन?" शकुंतलाबाईंनी विचारलं.

"मैदान दबलं हाये. पाणी भरते तिथं."

मैदान दबलं होतं की नाही, हे पाहायला कोणी गेलं नाही. भूपेंद्रने मात्र सुटकेचा निःश्वास टाकला. वडिलांनी कागद वाचला आणि काही म्हणाले नाहीत, म्हणजे त्यांना पटलं, असा त्याने अर्थ लावला. तो शीळ घालत दुकानात गेला.

सदाशिवराव बराच वेळ बाजेवर बसून राहिले. तेरा वर्षं ते दर जूनमध्ये टॉर्चचे सेल बदलत आले होते. त्यातली पाच वर्षं ही सून या घरात होती, आणि तिला काय हवं आहे हे त्यांनी एकदाही तिला विचारलं नव्हतं. समुद्रपूर तर समुद्रपूर, हो म्हणून ते पुढचा घास घेऊन मोकळे झाले होते. त्यांना लाज वाटली. लाज वाटल्यावर काय करायचं असतं, हे त्यांच्या यादीत नव्हतं.

संध्याकाळी मयुरीने चहा आणून दिला. ती वळली तेव्हा ते कपाकडे पाहत म्हणाले, "उद्याच्या थैलीत पोळीचा डबा ठेवजो."

"फुटाणे हायेत न, बाबा."

"फुटाण्यावर दिवस निघत नाई." त्यांनी एक घोट घेतला. "अन् पायात चप्पल नोको, ते कॉलेजातल्यावानी बूट-सँडल काय असते ते घाल. चिखलात चप्पल निसटते."

चिखल महिनाभर कुठेही नव्हता. मयुरी उभीच राहिली. आत गेल्यावर तिने ट्रंकेच्या तळातून आकाशी रंगाची साडी काढली, तिच्या घड्या हाताने दाबल्या, आणि मग इतकी आशा धरल्याबद्दल स्वतःवरच चिडून साडी परत ठेवली. थोड्या वेळाने पुन्हा काढली.

सोमवारी पावणेआठला शिट्टी झाली. कामं नव्याने वाटलेली होती. गुंजन आजीजवळ. मयुरीकडे थैलीखेरीज काहीच नाही. भूपेंद्रकडे गॅस बंद करणं, मेन स्विच पाडणं, आणि दुकानातली गव्हाची नऊ पोती माळ्यावर चढवणं. "खरंच चढवू?" त्याने विचारलं. "तालीम खरीच असते," वडील म्हणाले आणि मनगटावरच्या घड्याळात पाहत फाट्याकडे चालू लागले.

मयुरी फाट्यावर पोचली तेव्हा आठ वाजायला आले होते. सदाशिवराव रस्त्याच्या कडेला वही घेऊन उभे होते. शकुंतलाबाई गुडघ्यांमुळे गुंजनला घेऊन सावकाश मागून येत होत्या. सदाशिवरावांनी सुनेकडे पाहिलं, आकाशी साडीकडे पाहिलं, आणि रस्त्याकडे वळले.

आठ-दहाची गाडी आठ-बाराला आली. त्यांनी हात वर केला. ड्रायव्हर जुना होता. त्याने गाडी थांबवून खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"काय साहेब, इकडं कुठं?"

"मी नाई. ह्या बाई हायेत. आर्वीवरून पुढं तळेगावले जातं न? शाळेपाशी उतरवजो."

मयुरीने मागे वळून पाहिलं. "बाबा, गुंजन..."

"आजीजवळ हाये. परत येतानी पाच-दहाची धरजो. ते हुकली तं सहा-चाळीस, पण तिले गर्दी असते."

"मी ह्याईले काय सांगू?"

"तू कायले सांगतं? मी हावो न इथं." ते थांबले, आणि मग तपासणीच्या वेळी बोलत तशाच आवाजात म्हणाले, "थैली घ्यायची अन् उंच जागी जायचं, यवढंच लिवलं हाये यादीत. तळेगाव आपल्यापेक्षा उंच हाये."

ती वाकली. पायांना तिचा हात लागायच्या आत ते मागे सरले. "चाल, चाल. गाडी लेट होऊन राह्यली."

गाडी निघाल्यावर मागच्या काचेत आकाशी रंग थोडा वेळ दिसला. गुंजनने आजीच्या बोटाला धरून टाटा केला. तिला वाटलं, हा तालमीचाच भाग आहे.

भूपेंद्र आठ पस्तीसला आला. डोक्यापासून पायापर्यंत गव्हाची धूळ, शर्ट अंगाला चिकटलेला, खांद्यावर थैली आणि हातात दुकानाची किल्ली. सदाशिवरावांनी वेळ लिहिली आणि हजेरी घ्यायला सुरुवात केली.

"शकुंतला."

"दिसून नाई राह्यली का मी?" बाकावरून शकुंतलाबाई म्हणाल्या.

"गुंजन." तिने दोन्ही हात वर केले. "भूपेंद्र."

"हाव."

"मयुरी," ते म्हणाले, आणि उत्तराची वाट न पाहता बरोबरची खूण केली. "हजर."

भूपेंद्रने इकडेतिकडे पाहिलं. थांब्याच्या मागे पाहिलं. मग त्याची नजर आर्वीच्या रस्त्याकडे गेली आणि तिथेच राहिली.

"तू मले समुद्रपूर सांगतलं होतं," सदाशिवराव म्हणाले.

शकुंतलाबाईंनी मुलाकडे पाहिलं. मग त्या गुंजनची वेणी सोडून पुन्हा घालायला लागल्या.

"मंग काय करू, बाबा?" भूपेंद्रचा आवाज चिरका झाला. "मी मालाले गेलो का दुपारी दुकानात तीच तं बसते. ते गेली तं कोण बसन? तुमी?"

त्याने ते टोमणा म्हणूनच विचारलं होतं. सरकारी नोकरी केलेला माणूस मीठ-मिरची तोलत नाही, असं सदाशिवराव आयुष्यभर म्हणत आले होते. निवृत्त झाल्यापासून दुकानाचा उंबरा त्यांनी ओलांडला असेल तो उदबत्ती मागण्यापुरता.

त्यांनी वही मिटून बगलेत धरली आणि हात पुढे केला.

"किल्ली दे."

भूपेंद्र किल्ली मुठीत धरून उभा राहिला. पलीकडून आणखी एक गाडी आली, थांबली, आणि कोणी चढत नाही असं पाहून निघून गेली. तिची धूळ खाली बसली तरी सदाशिवरावांचा हात पुढेच होता.