उमरेडपर्यंत दोन

नंदनवन, नागपूर – गाडी सुटण्याआधी

संजीवनं अदितीचा हात दाराच्या चौकटीवर आपटला, तसा तिचा मोबाइल सुटून फरशीवर पडला. त्यानं तो टाचेखाली रगडला. पहिल्या लाथेला काच फुटली. दुसरी लाथ तिच्या पोटरीवर बसली.

पलंगावर बसलेल्या त्याच्या वडिलांनी, बबनरावांनी, टीव्हीचा आवाज वाढवला.

शोभाताई कणकेच्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. सुनेनं एका दिवसाची सहल ठरवली, एवढाच गुन्हा. उमरेडजवळचं जंगल, एसटीनं, एकटीनं. अदिती जन्मली, वाढली टोरांटोत. तिच्यासाठी नागपूर हाच परदेश. नकाशा, बस, जंगलाचं फाटक, सारी सहल त्या फुटक्या मोबाइलात होती.

"कॅनडावाल्याची बायको लाल डब्यात बसून वाघ पाहाले जाऊन राहिली," संजीव हसला, आणि हसता हसताच त्यानं तिच्या कानाखाली मारली. मग शर्ट बदलून सदरला मित्रांकडे निघून गेला.

अदितीच्या मनगटात हिरव्या काचा रुतल्या होत्या. आल्या दिवशी शोभाताईंनीच कासाराकडे नेऊन हौसेनं भरलेला चुडा. शोभाताई चिमट्यानं एकेक काच काढू लागल्या.

"बांगड्या आधीच काढून ठेवत जा वं. काच आत राह्यली तं पिकते. यायच्या स्कूटरचा आवाज आला का मी काढून ठेवो." त्यांची हनुवटी टीव्हीच्या दिशेनं वळली होती.

अदिती रडली नाही. जपून जुळवलेल्या मराठीत तिनं सांगितलं, की तिकडे शेजाऱ्यांनी एकदा पोलीस बोलावले होते, म्हणूनच तो तिला इकडे घेऊन आला. तिचं परतीचं तिकीट त्यानं रद्द केलंय. पासपोर्ट कुठे आहे, ते तिला माहीत नाही.

शोभाताईंना माहीत होतं. "तुझ्या आलमारीत ठेव, किल्ली कोणाले देऊ नको," असं म्हणून त्यानंच तो त्यांच्या हाती दिला होता. लेकाचा आपल्यावर भरवसा आहे, असं वाटून त्या तेव्हा सुखावल्या होत्या.

"आई, उमरेडची बस कुठून सुटते?"

उमरेड त्यांचं माहेर. बापाचा जन्म हातमागावर गेला, भाऊ नत्थू अजून मागावरच बसतो. त्यांनी सगळं सांगितलं: बस कुठे लागते, कोणत्या बाजूला ऊन येतं, स्टँडवर चहा कुठला प्यावा. उमरेडच्या पुढे गाड्या कुठे जातात, तेही अदितीनं विचारून घेतलं. चिमूर. चंद्रपूर. तिथून रेल्वे.

परतीची गाडी तिनं विचारली नाही.

शोभाताईंनी जरा वाट पाहिली. तरीही नाही. चिमटा हातातच राहिला.

जेवताना त्यांनी विषय काढला. नत्थूनं भाचसुनेला जेवायला बोलावलंय. परवा आम्ही दोघी एसटीनं जातो.

"मी सोडतो नं गाडीनं."

"तू नको गा. तू येशीन तं बिचारा सकाळपासून गल्लीभर खुर्ची मागत फिरन."

संजीवला ते आवडलं. हसून त्यानं अदितीचं तेच मनगट धरलं, नेमकं जखमेवर, आणि दाबलं.

"दिवस बुडायच्या आत घरात पाहिजे."

"हाये नं गाडी," शोभाताई म्हणाल्या आणि त्याच्या ताटात भात वाढला.

नागपूर – उमरेड

"उमरेडपर्यंत दोन."

कोळशाचे ट्रक अंगावर आल्यासारखे येत होते. रस्त्याकडेची झाडं काळी पडली होती. अदिती खिडकीतून बघत राहिली. मागून मोटार जवळ आली, की तिचे खांदे आखडायचे. मोटार पुढे निघून गेली, की शोभाताईही श्वास सोडायच्या.

उमरेड –

स्टँडवर नत्थूजी उभे होते. शोभाताईंच्या निरोपावरून ते तिला चंद्रपूरला नेऊन हैदराबादच्या रेल्वेत बसवणार होते. तिकडे तिची मावशी होती.  त्यांनी तिच्या सुजलेल्या कानाकडे पाहिलं आणि गाडी लागली का ते बघायला गेले.

शोभाताईंनी बाकावरच पिशवी उघडली. लांबच्या वाटेला लागलेल्या सुनेची ओटी भरतात. जंगल पाहून संध्याकाळी परतणारीची कोणी भरत नाही. अदितीला ही रीत ठाऊक नव्हती. तिनं हात पुढे केले.

"हात नाही वं. ओढणी पसर."

तांदूळ, हळकुंड, नारळ. वर भावानं विणलेला खण. त्याच्या घडीत छोट्या वहीसारखं काहीतरी टणक होतं. ओढणीत पडताच अदितीची बोटं त्या घडीवर थबकली.

"येथी उघडू नको."

"आई, तुम्ही पण चला."

"मले कोण विसा देते वं," शोभाताई म्हणाल्या आणि तिच्या ओढणीची गाठ स्वतः, आवळून, दोनदा मारली.

उमरेड – नागपूर

"किती?"

"एक."

नागपूरच्या वेशीवरचा दिघोरीचा नाका आला, तेव्हा दिवस बुडाला होता. शोभाताईंनी मांडीवर रुमाल पसरला. डाव्या हाताच्या, मग उजव्या हाताच्या, काचेच्या सगळ्या बांगड्या एकेक करून काढल्या, वाजू नयेत म्हणून रुमालात घट्ट गुंडाळल्या, आणि रिकाम्या पिशवीत टाकून त्या उतरायला उठल्या.